ट्रान्सपॉन्डर म्हणजे नुसती पाळत? फिरत्या मेसेजला उत्तर

कोळीवाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘बोटीवर फुकटात बसवतात तो ट्रान्सपॉन्डर म्हणजे सरकारची पाळत. मोबाइल आणि वायरलेस असताना हा डबा कशाला? सॅटेलाइटवरून मासळी कळते ही तर शुद्ध थाप. आपल्या जागा मात्र त्यांना आयत्या कळणार. बंदर सोडलं की डबा बंद करा.’

ट्रान्सपॉन्डर म्हणजे बोटीचं ठिकाण आणि संदेश उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पोचवणारं यंत्र. लिहिणाऱ्याचा राग खोटा नाही, माहिती मात्र बरीचशी चुकीची आहे.

‘मोबाइल आणि वायरलेस आहे ना.’ टॉवरची रेंज किनारा सोडल्यावर काही मैलांत संपते. व्हीएचएफ वायरलेस सरळ रेषेत चालतो, पृथ्वीच्या गोलाईपुढे त्याचं काही चालत नाही. छोट्या बोटीची अँटेना बुटकी, त्यामुळे आवाज जेमतेम आसपासच्या बोटींपर्यंत जातो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ उठलं तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कित्येक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. इशारा त्यांच्यापर्यंत पोचवायला साधनच नव्हतं. काही बोटी आपल्या देवगड बंदरात आश्रयाला येऊन लागल्या. अनेक खलाशी परतलेच नाहीत. त्यानंतर २०१९ ला ‘जेमिनी’ यंत्र आलं, पण ते एकतर्फी. इशारा यायचा, बोटीवरून उत्तर जायचं नाही. इस्रोच्या तंत्रज्ञानाचा आत्ताचा ट्रान्सपॉन्डर दुतर्फा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरलाच त्या योजनेची सुरुवात झाली: १३ किनारी राज्यं व केंद्रशासित प्रदेश, टप्प्याटप्प्याने १ लाख बोटी, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. आग लागली, बोट कलंडली, तर यंत्रावरून ठिकाणासकट संदेश जातो.

ठिकाणाचं एवढं काय, असं वाटत असेल तर साधा हिशेब करा. इंजिन बंद पडलेली बोट ताशी २ सागरी मैलांनी वाहते असं धरू. तिचं शेवटचं ठिकाण ६ तासांपूर्वीचं असेल, तर ती त्या जागेपासून १२ मैलांपर्यंत कोणत्याही दिशेला असू शकते. ते वर्तुळ भरतं साडेचारशे चौरस सागरी मैलांचं, म्हणजे दीड हजार चौरस किलोमीटर. अख्खी मुंबई त्यात दोनदा मावते. तेच ठिकाण अर्ध्या तासापूर्वीचं असेल, तर शोधायचं क्षेत्र उरतं ३ चौरस मैल. समुद्राची माहिती पुरवणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडे २०१६ पासून ‘सारॅट’ नावाची प्रणाली आहे. वारा आणि प्रवाहाचे आकडे घेऊन ती वाहत गेलेली बोट किंवा माणूस कुठे असू शकेल याचा नकाशा काढते. पण तिला आधी दोन गोष्टी पुरवाव्या लागतात, शेवटचं ठिकाण आणि वेळ. त्या कुठून आणणार?

‘सॅटेलाइटवरून मासे दिसत नाहीत.’ नाहीच दिसत, आणि दिसतात असं इन्कॉइसही म्हणत नाही. उपग्रह टिपतो ते पृष्ठभागाच्या पाण्याचं तापमान आणि त्यातलं हरितद्रव्य. गार आणि उबदार पाणी जिथे भिडतं तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, साचतं, त्याच्या मागे तारली-बांगडा येतो, त्यांच्या मागे मोठी मासळी. त्यावरून संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना निघते, ती या यंत्रावरही येते, आणि ती चांगली रोखठोक असते: अमुक बंदरापासून कुठली दिशा, किती अंश, किती किलोमीटर, पाणी किती मीटर, अक्षांश-रेखांश. अंदाजच तो, चुकतोही. आभाळ भरलं की उपग्रहाला पाणी दिसत नाही, मग सूचनाही नाही. डोल जाळं लावणाऱ्याला तर तिचा फारसा उपयोग नाही, हेही सांगून टाकतो. त्याचं जाळं एका जागी बांधलेलं, त्याचा बोंबील भरती-ओहोटीच्या ओढीवर येतो. पण बांगड्याच्या मागावर डिझेल जाळत फिरणाऱ्या नाखवाने तिला थाप म्हणू नये.

‘पाळत आहे.’ इथे मी हात झटकणार नाही. यंत्र ठिकाण कळवतं म्हणजे कळवतंच. जाळ्यात काय आलं ते त्याला ठाऊक नसतं, पण बोटीचा वेग कुठे मंदावला यावरून जाळं कुठे पडलं हे जाणता माणूस ताडू शकतो. तांडेलाची सगळी कमाई त्या जागांत असते. त्यात २००८ ला पोरबंदरची ‘कुबेर’ पळवून अतिरेकी मुंबईत आले, तेव्हापासून ओळखपत्रं, बोटींचे रंग, तपासण्या सगळं मच्छीमाराच्याच माथी आलंय. संशय येणारच. मग नोंदी कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, दंडासाठी वापरणार का, हे मच्छीमार संस्थांनी मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी विचारावं आणि उत्तरही लेखीच घ्यावं. मेसेज फॉरवर्ड करून यातलं काहीच मिळत नाही. दुसरीकडे, हेच ठिकाण ठाऊक असल्यामुळे यंत्र सागरी हद्द जवळ आली की बोटीला सावध करतं. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेल्या पालघरच्या पोरांची पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं गेली आहेत; त्यांच्या घरी जाऊन ‘डबा कशाला’ असं विचारून बघा.

राहिला शेवटचा सल्ला, बंदर सोडलं की बंद करा. तसं केलं तर बोटीची शेवटची नोंद राहते बंदराच्या तोंडाशी. कोस्ट गार्ड शोध तिथून सुरू करणार, आणि बोट असणार दोन दिवसांच्या वाटेवर.