काका, फ्रेममध्ये येताय

"काका, जरा डावीकडे सरकता का? फ्रेममध्ये येताय."

गेल्या रविवारी सकाळी पावणेसातला, उजनीच्या पाण्यात गळ टाकून, मंकीकॅप घालून, कुणाच्या अध्यात ना मध्यात बसलेल्या एका सज्जन माणसाला हे ऐकावं लागलं. तो सज्जन मी.

भिगवणजवळ, कुंभारगावच्या अंगाला पाणी असं पसरलंय की धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही. उजनी हे धरण एकूणच हिशेबाच्या पलीकडचं. साठा ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी. पावसाळ्यात ते शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की 'उणे' होतं. शून्याच्या खाली जाऊनही शिल्लक उरते, हा चमत्कार माझ्या पगाराच्या खात्यात मला आजवर जमलेला नाही.

थंडीत गळ टाकणं हा मुळातच आडमुठेपणा आहे. पाणी गार झालं की माशाची भूक मरते, तो खोल पाण्यात जाऊन पडून राहतो आणि ऊन चढेपर्यंत गांडुळाकडे ढुंकूनही बघत नाही. तिथल्या मच्छीमारांना हे ठाऊक असतं, म्हणून ते संध्याकाळी जाळी लावतात आणि घरी जाऊन गोधडीत झोपतात. शंभरेक किलोमीटर गाडी हाणत पहाटे काठावर येऊन कुडकुडायला आमच्यासारखे हौशी लागतात. तरी गळाच्या दोरीवर तरंगणाऱ्या, मासा लागला की आत जाणाऱ्या त्या थर्माकोलच्या बुचाकडे बघत बसण्यात एक सुख आहे. तिथे कुणी काही मागत नाही.

म्हणजे परवापर्यंत मागत नव्हतं.

मागे वळून बघितलं तर एक झुडूप उभं होतं. पक्ष्यांना दिसू नये म्हणून त्या गृहस्थाने टोपीपासून बुटांपर्यंत पानांच्या नक्षीचे कपडे चढवले होते. कॅमेऱ्याच्या लेन्सलाही तेच अंगडं. अडचण एवढीच, की आजूबाजूला एकही झाड नव्हतं. मैलभर सपाट चिखल आणि त्यात हे एकटंच हिरवंगार झुडूप. सगळे बगळे मान वळवून त्याच्याकडेच बघत होते.

मी सरकलो. गळ उचलला, डबा उचलला, पिशवी उचलली, डावीकडे गेलो. पाच मिनिटांनी, "काका, आता उजवीकडे घ्या ना. फ्लेमिंगो सरकले."

"मी आधी आलोय," मी म्हणालो.

"हो, पण ते कच्छकडून आलेत," तो म्हणाला. "आणि ते हंस बघा, पट्टकदंब. हिमालय ओलांडून येतात."

मीही लोणी काळभोरचं ट्रॅफिक ओलांडून आलो होतो, पण त्याची नोंद कुठल्याच पक्षिसूचीत नाही. पुन्हा सरकलो.

मग अग्निपंखांनी, म्हणजे त्या फ्लेमिंगोंनी, त्याच्याकडे पाठ फिरवली आणि दूर जाऊन चिखल चाळू लागले. झुडूप खट्टू झालं. इकडेतिकडे बघता बघता त्याची नजर माझ्यावर स्थिरावली. मघापर्यंत अडगळ असलेला मी एकदम विषय झालो.

"काका, तसेच बसा! सुंदर! फक्त स्वेटर काढता का? फार नवा दिसतोय."

सात वाजता, जानेवारीत, धरणाच्या काठावर. मी नाही म्हणालो. मग वाटाघाटी होऊन प्रकरण चष्म्यावर मिटलं. "चष्मा काढा, काच चमकते. आणि शून्यात बघा." चष्मा काढल्यावर मला शून्यच दिसतं, त्यामुळे तेवढं जमलं.

"तुमचं गाव पाण्याखाली गेलं असेल ना, काका?" त्याने अतिशय हळुवार आवाजात विचारलं.

"मी हडपसरला राहतो. पाण्याखाली जायला आधी पाणी यावं लागतं. आमच्याकडे टँकर येतो."

"म्हणजे विस्थापित होऊन पुण्याला गेलात!"

"अहो, मी ऑडिटर आहे."

"अरे वा, मुलगा ऑडिटर! सार्थक झालं हो तुमच्या कष्टांचं."

आमच्यापासून हातभर अंतरावर एक नावाडी बसला होता. त्याच्या वडिलांचं घर आणि शेत खरोखरच या पाण्याखाली आहे. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर तरी येतं, यांचं गाव तेही करत नाही. पण पोराच्या अंगात झकास जॅकेट, गळ्यात क्यूआर कोडचं कार्ड, कानात इअरफोन. झुडपाने त्यालाही सांगितलं, "दादा, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर व्हा."

तेवढ्यात ते झालं. मला चष्म्याशिवाय दिसलं नाही, पण त्याला दिसलं, आणि ते त्याने फोटो काढून झाल्यावर सांगितलं: "काका, मघाशी तुमचं ते पांढरं बूच दोनदा आत गेलं होतं."

"मग सांगायचं ना!"

"एक्स्प्रेशन गेलं असतं."

त्या पहाटेची ती एकुलती एक चिलापी होती आणि ती एका माणसाच्या एक्स्प्रेशनपायी गेली. हे मी विसरणार नाही.

शेवटी गळ ओढला, तर जड लागला. वर आला तो सकर मासा, तोही आमिषाला लागून नव्हे, पोटात गळ अडकून. अंगावर चिलखत, तोंड खालच्या बाजूला. दक्षिण अमेरिकेतला हा प्राणी इथे आला तो लोकांच्या दिवाणखान्यातल्या काचपेट्या साफ करायला. कुणीतरी कंटाळून पाण्यात सोडला आणि आता तो उजनीत जाळी फाडत फिरतो. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आणि हे गृहस्थ आनंदाने ओरडले, "रोहू!"

खरं सांगायचं तर मला रोहूचा जास्त राग आला. हिमालयापलीकडच्या हंसाच्या डोक्यावरचे पट्टे यांना पाठ, आणि ज्या पाण्याकाठी दर हिवाळ्यात येऊन उभे राहतात त्यातला मासा ओळखू येत नाही. ते पाणी तरी कुठलं, हे कुठे विचारतात? पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे. शेवाळ माजतं ते त्यावरच, आणि गुलाबी पक्षी चरतात ते त्याच गाळात. आपणच फ्लश केलेलं बघायला आपण लाखाची लेन्स घेऊन शंभर किलोमीटर जातो आणि त्याला निसर्ग म्हणतो. कधीकाळी इथे मिळणारे मासे आता का मिळत नाहीत, हे त्या नावाड्याला विचारा. पण तो फ्रेमच्या बाहेर.

तर कच्छकडचे अग्निपंख, मध्य आशियातले हंस, मूळची आफ्रिकेची चिलापी, दक्षिण अमेरिकेचा सकर आणि भूमिपुत्र हडपसरचा. जाताना झुडपाने भूमिपुत्राच्या हातावर शंभराची नोट ठेवली. "चहा घ्या, काका." मी परत केली, तर म्हणाला, "स्वाभिमान बघा या लोकांचा!" आणि त्या स्वाभिमानाचाही एक फोटो काढला.

मंगळवारी तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडला. 'जलाशयाच्या लेकराची पहाट.' खाली, 'हातात रोहू, डोळ्यांत बुडालेलं गाव.' चष्मा नसल्याने एकाही शेजाऱ्याने मला ओळखलं नाही. सी विंगच्या वहिनींनी रडका चेहरा टाकला. आमच्या हिने तेवढं ओळखलं. म्हणाली, "यात पोट कमी दिसतंय."

रात्री सेक्रेटरींचा मेसेज आला. अशा गरीब बांधवांसाठी सोसायटीतर्फे रविवारी ब्लँकेटवाटप, वर्गणी प्रत्येक फ्लॅटमागे दोनशे रुपये, शुक्रवारपर्यंत भरावी. आमच्या फ्लॅटची मी भरली.