मान्सून आला म्हणजे पेरणीची परवानगी मिळाली असं नाही

काल संध्याकाळी अर्धा तास पाऊस झाला आणि आज सकाळी सातला शेजारच्या पट्टीत ट्रॅक्टर उभा. मी बांध ओलांडून गेलो, खुरप्यानं माती उकरली. वर चार बोटं ओल, खाली कोरडी ढेकळं. म्हटलं, "दादा, अजून दोन-चार दिवस थांबा ना." ते म्हणाले, "अरे, मोबाईलवर आलंय मान्सून दाखल झाला म्हणून. आणि ट्रॅक्टरवाल्याकडं नंबर आज लागलाय. उद्या तो दुसऱ्या गावाला गेला की आठ दिवस यायचा नाही."

त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नाही. बी-खत घरात येऊन पडलंय, उधारी झालीय, गावात चार जणांनी पेरलंय, पावशा "पेरते व्हा" म्हणून ओरडतोय. अशा वेळी हातावर हात ठेवून बसायला फार बळ लागतं. पण 2025 साली आमच्या घरानं जे भोगलं, ते आठवलं की आजही घशाखाली घास उतरत नाही. म्हणून आज लिहितोय.

त्या वर्षी 24 मे रोजी मान्सून केरळात आला आणि 26 मेला मुंबईत. एरवी या तारखा 1 जून आणि 11 जून. आमच्याकडं मराठवाड्यात तर रोहिणी नक्षत्र निघायच्या आधीपासून रानात पाणी. नांगरट अर्धवट, शेणखत उकिरड्यावरच. आमच्या घरातले थोरले तात्या म्हणाले, पन्नास वर्षांत असा मे पाहिला नाही. मी म्हणालो, पाऊस आलाच आहे तर पेरून घेऊ, पीक महिनाभर आधी हाती येईल. घाई माझी होती, तात्यांची नाही. तीन एकर सोयाबीन टाकलं.

नंतर पावसानं पाठ फिरवली. आभाळ यायचं आणि दुपारच्या वाऱ्यानं निघून जायचं. आधीच्या धो-धो पावसानं वरची माती बसून पापुद्रा धरला होता. ऊन लागल्यावर तो कडक झाला आणि मोड आलेलं बी त्याखालीच वाकडं होऊन राहिलं. जे वर आलं त्यानं माना टाकल्या. शेवटी मोडून दुबार पेरणी केली. बी दुसऱ्यांदा विकत, खत दुसऱ्यांदा, आणि हवं ते वाण तोवर दुकानातून संपलेलं. सप्टेंबरात मराठवाड्यात जे पूर आले त्यात ते उशिराचं पीकही पाण्यात उभं राहिलं. त्याबद्दल इथं बोलत नाही, तो पाऊस कुणाच्याच हातात नव्हता. पेरणीची तारीख मात्र माझ्या हातात होती.

त्यानंतर मी हवामानाचं जमेल तेवढं वाचायला लागलो आणि एक आकडा सापडला, तो मनातून जात नाही. केरळात मान्सून दाखल झाला हे हवामान विभाग कसं ठरवतो? तिकडची 14 ठरलेली केंद्रं आहेत. 10 मे नंतर त्यातल्या किमान 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला पाहिजे. सोबत पश्चिमेकडून येणारे वारे किती उंचीपर्यंत आहेत आणि ढगांचं आच्छादन किती, या अटीही बघतात. शास्त्राच्या दृष्टीनं ही कसोटी योग्यच आहे, कारण त्यांना वाऱ्यांची मोठी चाल ओळखायची असते. पण पावसाचा आकडा बघा: अडीच मिलिमीटर! आणि कृषी विद्यापीठं पेरणीसाठी किती सांगतात? 75 ते 100 मिलिमीटर. म्हणजे ज्या बातमीवर आपण तिफण (पेरणीचं अवजार) बाहेर काढतो त्या बातमीतला पाऊस आणि आपल्याला लागणारा पाऊस यांत तीस-चाळीस पटींचा फरक आहे. एक बातमी वाऱ्याची आहे, दुसरी गोष्ट जमिनीची. आपण दोन्ही एकच धरून चालतो.

शंभरच का, असं मला भाच्यानं विचारलं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिलं पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं आणि त्या मिटायलाच बराच पाऊस लागतो. मग कुठं ओल वरून खाली सलग होते, आणि पेरल्यावर आठ-दहा दिवस उघडीप पडली तरी कोंभाला खालून आधार मिळतो. अडीच मिलिमीटर तर जूनच्या एका दुपारी उडून जातं.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजणं आपल्याला अजून परकं वाटतं. आपण म्हणतो "बोटभर झाला", "पन्हाळ्या वाहिल्या". पण हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. एकरी धरलं तर एका मिलिमीटरला साधारण चार हजार लिटर. तुमच्या रानात किती पडलं हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, कारण सरकारी स्वयंचलित यंत्र महसूल मंडळाला एक असतं आणि मंडळात कितीतरी गावं. नदीच्या अल्याड पाऊस आणि पल्याड धूळ, हे आपण दरवर्षी बघतो.

म्हणून हात जोडून सांगतो, रानात एक पर्जन्यमापक लावा. विकतचा नसेल तर सरळ उभ्या भिंतीचा, तळ आणि तोंड सारख्याच मापाचा पत्र्याचा डबा चालतो. झाडापासून, गोठ्यापासून लांब, उघड्यावर, वाऱ्यानं पडणार नाही असा पक्का रोवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजायचं, वहीत लिहायचं, डबा पालथा करायचा. साडेआठ यासाठी की हवामान विभागाचा चोवीस तासांचा पाऊसही त्याच वेळी मोजतात, आकडा ताडून बघता येतो. आमच्या घरी हे काम आता मुलगी करते आणि कधी चुकवत नाही.

अंदाज वाचायलाही आपल्याला कुणी नीट शिकवलं नाही. "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस" असं आलं की आपण आभाळाकडं बघून बसतो आणि तीन दिवसांनी म्हणतो, खोटा निघाला. तुरळक म्हणजे जिल्ह्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच ठिकाणी. काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत. त्यापुढं बऱ्याच ठिकाणी, आणि शंभरातल्या पंचाहत्तरांहून जास्त जागी असेल तर बहुतांश ठिकाणी. म्हणजे तुरळक म्हटल्यावर चारांतल्या तीन गावांना पाऊस नसणार, हे त्या शब्दातच सांगितलेलं असतं. अंदाज खरा असतो, आपण कोरडे राहतो, आणि विश्वास मात्र उडून जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणंही मला मान्य नाही. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मी नेमानं वाचतो. त्यात खरंच कामाचं असतं: फवारणी कधी टाळा, काढलेला माल कधी झाका. तो माझ्या गावात किती घरी पोचतो? देशभरात 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, तालुक्याच्या पातळीवर उतरून सल्ला द्यायची. 2024 च्या सुरुवातीला ती बंद केली. हवेचा लहरीपणा वाढत असताना सांगणारा माणूस कमी करायचा, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलं नाही. ॲप आहेत, शेतीच्या हवामान सल्ल्यासाठी मेघदूत आहे, वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी आहे, तीही वापरा. पण तात्यांना ॲप नको असतं. त्यांना "आपल्या शिवारात ओल टीचभर आहे, शुक्रवारपर्यंत थांबा" असं आपल्या बोलीत सांगणारं कुणीतरी हवं असतं.

काही जण म्हणतील, आमचे वाडवडील नक्षत्रांवर पेरत होते, त्यांना कुठं मिलिमीटर माहीत होते. नक्षत्रांचा मला आदर आहे. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस ही नावं शेकडो हंगामांच्या निरीक्षणातून आली आहेत. पण तात्या मृगात पेरायचे म्हणजे 7 जून उजाडला की पेरायचे असं नव्हतं. ते मूठभर माती दाबून बघायचे, गोळा होतो का, आणि टाकला की फुटतो का. वापसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी पेरणीजोगी माती, आल्याशिवाय तिफणीला हात लावायचे नाहीत. ती परीक्षा आपण सोडली आणि तारीख तेवढी धरून ठेवली.

थांबल्यानं काय बुडतं? मूग-उडीद असेल तर जूनअखेर, फार तर जुलैचा पहिला आठवडा, त्याला घाई आहे. सोयाबीन, कापूस, तूर यांना 15 जुलैपर्यंत वेळ असतो. या रिकाम्या दिवसांत घरच्या सोयाबीनची उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडा, गुंडाळा, ओल टिकवा आणि आठवड्याच्या आत मोजा. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो पुरतं, कमी उगवले तर त्या मानानं बी वाढवायचं. पेरताना खोली चार-पाच सेंटिमीटरच्या आत ठेवा. जमलं तर रुंद सरी वरंब्यावर, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या रुंद उंच पट्ट्यावर, पेरा: पावसानं ताण दिला तर ओल धरून राहते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं.

आणि पेरल्यावर खंड पडलाच तर कोळपं (पिकाच्या ओळींमधली माती हलवायचं अवजार) थांबवू नका. एक कोळपणी अर्धं पाणी असं जुनी माणसं म्हणायची, कारण वरची माती मोकळी झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल आत राहते. 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. तेव्हा आमच्याकडं ज्यांनी दोन कोळपण्या केल्या त्यांचं सोयाबीन तग धरून राहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेजारच्या दादांनी शेवटी निम्म्या पट्टीत पेरलं आणि निम्मी ठेवली. माझ्या बोलण्यानं एवढं झालं, आणि पेरलेल्या निम्म्यावर पाऊस यावा अशी मी मनापासून प्रार्थना करतोय.

आमच्या डब्यात आज सकाळी 14 मिलिमीटर होते, जूनचे एकूण 52. तिफण अजून भिंतीलाच टेकून आहे. तुमच्या गावात किती झाला, मोजून खाली लिहा. तालुकाही लिहा.