शिबिराला वक्ते कमी आणि गटप्रमुख जास्त लागतात

उन्हाळ्याच्या सुट्टीची चाहूल लागली की युवा नेतृत्व शिबिरांची पत्रकं व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. सहा दिवसांचं शिबिर, बारा वक्ते, प्रत्येकाचा गोल चौकटीतला फोटो. गटप्रमुख किती आहेत, रात्री मुलांच्या खोलीजवळ कोण झोपणार, कोणी आजारी पडलं तर गाडी कोणाची, यातलं एक अक्षर नसतं. पत्रकात नाही ते ठीक, पण बऱ्याचदा आयोजकांच्या वहीतही नसतं.

स्वयंसेवी शिबिरं आपल्याला नवी नाहीत. राष्ट्र सेवा दल १९४१ चं, बाबा आमट्यांची चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी १९६७ पासूनची, आणि १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर तर खेड्यापाड्यातल्या कॉलेजांनाही ठाऊक आहे. या सगळ्यांत मुलांच्या हातात कुदळ, झाडू, पळी यायची. अलीकडच्या 'लीडरशिप कॅम्प'मध्ये वही-पेन तेवढं उरलंय. नेतृत्व शिकवायचं म्हणतो आणि ताटं कुठे रचायची हेसुद्धा कार्यकर्ताच सांगतो. मग मुलं शिकतात काय, तर टाळ्या वाजवायला.

हिशोबासाठी ६४ शिबिरार्थी धरू, वय १५ ते १९, सहा दिवस निवासी. आठ-आठ जणांचे आठ गट, गटाला एक गटप्रमुख. दहाच्या वर गट गेला की दोन-तीन मुलं सहा दिवस तोंड न उघडता परत जातात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय दोन राखीव गटप्रमुख, कारण तिसऱ्या दिवशी कोणाचा तरी घसा बसतो किंवा पोट बिघडतं. शिबिरप्रमुख आणि सहप्रमुख. या दोघांकडे गट द्यायचा नाही आणि सत्रही नाही. कोठीला दोघं, स्वयंपाकघराकडे दोघं, नोंदणी-हिशोबाला एक, साहित्य-माइकला एक, प्रथमोपचार आणि दवाखान्याच्या धावपळीला दोघं. झाले वीस. मुली असतील तर या विसात निम्म्या तरी बायका हव्यात, आणि त्याही गटप्रमुख म्हणून. नुसत्या स्वयंपाकघरात नव्हे.

एकविसावा माणूस नको. माजी शिबिरार्थी 'सहज दोन दिवस' येतात, रात्री गच्चीवर गप्पांचा फड जमवतात, गटप्रमुखांना जागवतात आणि सकाळी नऊला उठून पोहे संपले का म्हणून विचारतात. त्यांच्यावर प्रेम असू द्यावं, पण काम नाही त्याला मुक्काम नाही. समारोपाला बोलवा, जेवू घाला, संध्याकाळच्या एसटीत बसवून द्या.

कार्यकर्त्यांची जुळवाजुळव शिबिराआधी दहा आठवडे सुरू व्हायला हवी. 'जमेल तसं येतो' म्हणणाऱ्याला गट देऊ नका. गटप्रमुख सहाही दिवस आणि आधीचे दोन दिवस हवा. अर्ध्यात गटप्रमुख बदलला की गट विस्कटतो. आणि कार्यकर्त्यांचा प्रवासखर्च द्या. तो अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापला जातो आणि पुढच्या दोन वर्षांत कार्यकर्ते म्हणून फक्त खात्यापित्या घरची पोरं उरतात. गडचिरोलीहून येणाऱ्या पोराला स्वतःच्या खिशातून तिकीट काढायला लावायचं आणि वक्त्याला मात्र एसी गाडी पाठवायची, हे मला पटत नाही. शिबिरार्थींकडून शुल्क थोडं का होईना घ्याच, ज्याला परवडत नाही त्याला गुपचूप माफ करा. फुकट नोंदणीत आदल्या दिवशी फोन बंद होतात आणि दळलेली कणीक आपल्या गळ्यात पडते.

शिबिराच्या महिनाभर आधी गटप्रमुखांचं दोन दिवसांचं निवासी प्रशिक्षण घ्या. त्यात पुन्हा भाषणं नकोत, प्रसंग करून बघायचे. मुलगी रडत म्हणते मला आत्ताच्या आत्ता घरी जायचंय: काय कराल? पंगतीत एकाने दुसऱ्याला जातीवरून टोमणा मारला: तिथेच बोलाल, की नंतर बाजूला घेऊन? प्रश्न विचारला आणि गट गप्प बसला: किती वेळ थांबाल? नवखा गटप्रमुख तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मनात दहापर्यंत आकडे मोजायला शिकवा. सातव्या-आठव्या आकड्याला कोणीतरी बोलतंच. आणखी एक यादी तोंडपाठ हवी, गटप्रमुखाने स्वतः निस्तरायच्या नाहीत अशा गोष्टींची: ताप, बेशुद्धी, स्वतःला इजा करण्याची भाषा, मारहाण, कोणीही कोणालाही नको तसा स्पर्श केल्याची तक्रार. हे थेट शिबिरप्रमुखाकडे, त्याच मिनिटाला.

शेवटच्या गोष्टीबद्दल जरा स्पष्ट. १८ वर्षांखालचं मूल असेल तर लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा लागतो, आणि कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. 'संस्थेचं नाव जाईल, आपापसात मिटवू' ही सोय कायद्याने ठेवलेली नाही. एक कार्यकर्ता आणि एक मूल बंद खोलीत एकटं नाही, शिबिरार्थीशी खाजगी चॅटिंग नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच, मग कार्यकर्ता एकोणीस वर्षांचा आणि शिबिरार्थी अठराची का असेना. हे नियम पहिल्याच दिवशी मुलांसमोर वाचा, म्हणजे मोडले गेले तर त्यांनाही कळेल.

गट पाडताना एका कॉलेजचे मित्र वेगळे करतो ते बरोबर. पण गट 'समतोल' करण्याच्या नादात नंदुरबारमधल्या धडगावच्या पाड्यावरून आलेलं एकुलतं एक पोर पुण्याच्या सात जणांत टाकू नका. ते गप्प बसतं आणि आपण त्याला लाजाळू ठरवतो. सारख्या पार्श्वभूमीची निदान दोन मुलं एका गटात हवीत, मुलीही एकेकट्या नकोत. आणि बिल्ल्यावर फक्त नाव, आडनाव नाही. आडनाव आलं की पुढचे प्रश्न जेवणाआधीच सुटलेले असतात.

जागा. रिकामी आश्रमशाळा किंवा जिल्हा परिषदेची शाळा मिळाली तर उत्तम, लेखी परवानगी घेऊन. पाहणी जानेवारीत करून निर्धास्त होऊ नका. जानेवारीत भरलेली विहीर मे महिन्यात तळ दाखवते. एप्रिलच्या शेवटी पुन्हा जा, भर दुपारी जा, आणि संडासाच्या कड्या आतून लागतात का ते हाताने लावून बघा. मुलींसाठी दहा जणींमागे एक तरी संडास, आत पाणी, दिवा आणि झाकणाची कचरापेटी. पाणी माणशी दिवसाला ५० ते ६० लिटर धरलं तर ८४ माणसांना पाच हजार लिटरचा एक टँकर रोज लागतो. पिण्याचं त्यातलं चारशे लिटर, वेगळ्या झाकलेल्या टाकीत, तोटीचं. पिंपात तांब्या बुडवायची पद्धत असेल तिथे तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू होणार, हे लिहून ठेवा.

स्वयंपाकाला मे महिन्यात आचारी मिळत नाही, कारण लगीनसराई. फेब्रुवारीत विसार देऊन ठेवा. ८४ माणसांच्या नाश्त्याला सहा किलो पोहे, दोन-अडीच किलो कांदे, अर्धा किलो शेंगदाणे. दुपारी तूरडाळ साडेतीन किलो, तांदूळ सहा किलो, कणीक नऊ किलो. नऊ किलो कणकेच्या साधारण तीनशे चपात्या होतात, आणि शिबिरांचं वेळापत्रक नेहमी याच तीनशे चपात्यांवर येऊन अडतं. दोन्ही वेळ चपातीचा हट्ट सोडा. रात्री खिचडी-कढी करा, दोन बायकांचे हात वाचतात आणि मुलं खुशीत खातात. श्रमदान लागू पडलं की तिसऱ्या दिवसापासून भूक वाढते, पहिल्या दिवशीच्या मापावर विसंबू नका. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो, जोडलेल्याखेरीज एक भरलेला कायम हाताशी हवा.

आता कळीचा भाग. रोज दोन गट स्वयंपाकघरात आणि वाढपाला, दोन स्वच्छतेला, दोन श्रमदानाच्या तयारीला, दोन रात्रीच्या कार्यक्रमाला. दुसऱ्या दिवशी फिरती. प्रत्येक दिवसाला एक दिवसप्रमुख, शिबिरार्थींपैकीच. घंटा त्याच्या किंवा तिच्या हातात. पोहे उशिरा झाले, श्रमदान वीस मिनिटं लांबलं, सत्रातल्या पाहुण्यांना थांबावं लागलं, तर लागू दे. संध्याकाळी दिवसप्रमुख सगळ्यांसमोर सांगेल कुठे गाडं अडलं. इथेच कार्यकर्त्यांची खरी परीक्षा असते, कारण घंटेकडे धावत जाण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. चांगला गटप्रमुख खिशात हात घालून उभा राहतो. अर्थात सगळंच सोडून द्यायचं नाही. वेळ चुकली, मीठ जास्त झालं, कार्यक्रम फसला, हे मुलांचं. गॅसची शेगडी, पिण्याचं पाणी, ऊन, विहिरीचा काठ, रात्रीची दारं, हे कार्यकर्त्यांचं.

हे सगळं करायचं तर वेळ लागतो, म्हणून वक्ते कमी. दिवसाला बाहेरचा एकच, अर्धा तास बोलणं आणि तासभर प्रश्न. वक्त्याला आधी फोन करून हे सांगा. तरी तो सव्वा तास बोलेल, म्हणून दिवसप्रमुखाला चिठ्ठी द्यायला शिकवा. जेवणानंतर दीड ते तीन विश्रांती, कोणी कितीही मोठा पाहुणा आला तरी. तिसरी दुपार तर मोकळीच ठेवा. तिसऱ्या दिवशी झोप तुटलेली असते, घर आठवतं, मैत्र्या-भांडणं रंगात आलेली असतात, आणि नेमका त्याच दिवशी आपण 'स्वतःला ओळखा'चं सत्र ठेवतो आणि सगळा हॉल रडायला लागतो. त्याला काही जण यश मानतात. मला तो थकवा वाटतो.

रात्रीची कार्यकर्ता बैठक साडेदहाला सुरू, अकराला बंद. तीनच विषय: कोण आजारी, कोण गप्प, उद्या काय बदलायचं. तात्त्विक वाद शिबिर संपल्यावर. रात्रपाळीला दोघं, त्यांना सकाळच्या व्यायामातून सुट्टी. रात्री दीडला झोपून साडेपाचला उठणारा गटप्रमुख चौथ्या दिवशी मुलांवर खेकसतो, आणि तो स्वभावाने वाईट नसतो.

प्रथमोपचाराच्या पेटीपेक्षा नोंदणीअर्ज महत्त्वाचा. दमा, फिट, मधुमेह, ॲलर्जी, चालू औषधं विचारा. विदर्भ, नंदुरबारकडची मुलं असतील तर सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आवर्जून विचारा. भर उन्हात श्रमदान आणि कमी पाणी, यातून त्या मुलाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याला सावलीतलं काम द्यायचं, तेही कारण जाहीर न करता. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात. मुलं ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी करतात, ते धोक्याचं. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे हे स्वतः जाऊन विचारा. १०८ ची गाडी येईपर्यंत थांबायचं की निघायचं हे अंतर पाहून आधीच ठरवा, एक गाडी आणि चालक रात्रीही तिथेच असू द्या. कोकणात असाल तर बूट झटकून घालायची सवय पहिल्या सकाळी लावा. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कितीतरी जीव वाचवले, पण औषधापर्यंत वेळेत पोचायचं काम आपलंच.

तारखांचं तर दरवर्षी रडगाणं. बारावीनंतरच्या मुलांना 'नीट', सीईटीच्या परीक्षा; कोकणात जूनचा पहिला आठवडा पावसाच्या तोंडावर. मे महिन्याचा मधला आठवडा त्यातल्या त्यात बरा. ने-आण करायला एसटीची प्रासंगिक करारावरची गाडी घेणार असाल तर लग्नाच्या तिथी बघून आधी बुक करा.

शिबिर संपल्यावर पंधरा दिवसांत पै-पैचा हिशोब सगळ्या कार्यकर्त्यांना पाठवा आणि कोणाला पुढच्या वर्षी बोलवायचं नाही हेही त्याच बैठकीत ठरवा, नंतर भीड पडते. कोणत्या मुलीने तिसऱ्या दिवशी न सांगता स्वयंपाकघराचा ताबा घेतला, कोणता पोरगा रोज शेवटचं भांडं घासून उठला, त्यांची नावं लिहून ठेवा आणि दिवाळीत फोन करा. पुढचे गटप्रमुख तेच.

आचाऱ्याचा आणि मे महिन्यातल्या पाण्याचा प्रश्न कोणी वेगळ्या तऱ्हेने सोडवला असेल, तर आकड्यांसकट लिहा.