‘फॉर्ममध्ये नाही लिहा’ हा सल्ला कुणीही पाळू नका

‘आंदोलनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनो, वेळीच सावध व्हा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. ताईनं तो काळजीपोटी आपल्या मुलीला पाठवला. भाची पुण्यात नवी पेठेत राहून अभ्यास करते. कॉलेजात असताना फीवाढीविरुद्ध धरणं धरलं म्हणून तिच्यावर गुन्हा दाखल झाला होता आणि तो खटला अजून निकाली निघालेला नाही. मेसेज वाचून तिचा फोन आला, ‘मामा, साक्षांकन नमुन्यात मी सरळ नाही लिहिते. सगळे तेच म्हणताहेत.’ हा नमुना म्हणजे नेमणुकीआधी भरून द्यायचा फॉर्म, त्यात आपल्यावरच्या गुन्ह्यांची माहिती विचारतात. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं असं आहे: परवानगी नसताना जमलात तर पोलीस हवं तसं मारू शकतात. मार बसला तर सरकारी दवाखान्यात जाऊ नका, नाव नोंदलं जातं. एक गुन्हा लागला की सरकारी नोकरी कायमची गेली, म्हणून फॉर्ममध्ये काही सांगू नका. व्हिडिओ काढणं गुन्हा आहे. आंदोलनानं आजवर कुणाला काही मिळालेलं नाही. आणि लाठीमाराबद्दल पोलिसांना कुणीही जाब विचारू शकत नाही.

शेवटून दुसऱ्या दाव्याला दोन ओळी पुरेत. मुख्य परीक्षेची वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहून द्यायची पद्धत लगेच न आणता २०२५पासून लागू करण्याचा एमपीएससीचा निर्णय फेब्रुवारी २०२३मध्ये अलका चौकात मुलं बसल्यावरच झाला. २५ ऑगस्ट २०२४ची पूर्वपरीक्षा पुढे गेली तीही शास्त्री रोडवर मुलं उतरल्यावर. हे ज्या शहरात घडलं, त्याच शहरातल्या ग्रुपवर ‘काही मिळत नाही’ फिरतंय.

आता फॉर्मबद्दल. या मेसेजनं सर्वांत जास्त नुकसान होणार आहे ते इथे. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं २०१६मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात नेमका हाच प्रश्न निकाली काढला. उमेदवारानं गुन्ह्याची माहिती दडवली तर काय आणि खरी दिली तर काय, याचे मुद्दे कोर्टानं एकेक करून मांडले आहेत. पहिलाच मुद्दा असा की नमुन्यात दिलेली माहिती खरी असली पाहिजे, काहीही दडवता कामा नये. किरकोळ स्वरूपाचा खटला चालू आहे आणि उमेदवारानं तो प्रामाणिकपणे सांगितला, तर खटल्याच्या निकालाच्या अधीन राहून त्याला नेमणूक देता येते. किरकोळ प्रकरण म्हणजे कसलं, याचं उदाहरण देताना कोर्टानं लहान वयात दिलेल्या घोषणांचा उल्लेख केला आहे. असं प्रकरण दडवलेलं निघालं तरी नेमणूक करणारा अधिकारी ते माफ करू शकतो, असंही निकालात आहे. पण ‘करू शकतो’ म्हणजे ‘करेलच’ असं नाही. खोटं लिहिणारा आपली नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर टांगून ठेवतो आणि चारित्र्य पडताळणीत पोलिसांचा अहवाल आला की सापडतो. जो गुन्हा सांगून निभावला असता, तोच लपवला म्हणून नोकरी जाते.

खरं सांगितलं म्हणजे नोकरी पक्की, असा मात्र या निकालाचा अर्थ नाही. माहिती खरी दिली तरी पूर्वचारित्र्य तपासायचा हक्क नेमणूक करणाऱ्याकडे राहतो, गंभीर गुन्हा असेल तर तो नकार देऊ शकतो आणि पद जितकं वरचं तितकी कसोटी कडक. मेसेजमधल्या भीतीत एवढं तथ्य आहे, ते नाइलाजानं का होईना मान्य करतो. पण गुन्हा नोंदला जाणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे, आणि ‘कायमची गेली’ हे सरळसरळ खोटं आहे. नमुन्यातला प्रश्न नीट वाचा. अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का, जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. प्रश्नच मोघम असेल तर माहिती दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. आपल्यावर गुन्हा आहे की नाही हेच माहीत नसेल, तर पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर पाहता येतात. ते आधी पाहून घ्या.

दवाखान्यात जाऊ नका, हा सल्ला वाचून तर माझं डोकंच फिरलं. मनगटावर लाठी बसली आणि पोरगी खोलीवर बर्फ लावत बसली, तर हाड मोडलंय की नाही हेसुद्धा कळणार नाही. सरकारी दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद होते. जखम कुठे आहे, केवढी आहे, किती वेळापूर्वीची आहे, हे त्यात डॉक्टर लिहितात. पुढे कुठेही दाद मागायची तर पहिला कागद हाच लागतो.

परवानगी नव्हती म्हणून मारलं, हे कायद्यात कुठेही बसत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली जमावबंदी असेल आणि ती मोडली तर कारवाई होऊ शकते, ताब्यातही घेता येतं, हे खरं. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १४८नुसार आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो, आणि जमाव हटला नाही किंवा हटणार नाही असंच त्याच्या वागण्यातून दिसलं तर बळ वापरता येतं, तेही पांगवण्यासाठी. शिक्षा करणं हे कोर्टाचं काम आहे. जम्मूतल्या कटरा इथे २००७मध्ये मोर्चेकऱ्यांना मारहाण झाली, तो अनिता ठाकूर खटला पाहा. सुरुवातीचा बळाचा वापर समर्थनीय होता, पण परिस्थिती आटोक्यात आल्यावरही पोलिस मारत राहिले, ते मर्यादेबाहेरचं होतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१६मध्ये म्हटलं आणि सरकारला भरपाई द्यायला लावली. पळणाऱ्या मुलाच्या पाठीत बसलेली लाठी या कसोटीवर कशी टिकेल?

रस्त्यावर उघड चाललेल्या कारवाईचं चित्रीकरण करायला मनाई करणारा कायदा नाही. अगदी पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणाबद्दलचा शासकीय गोपनीयता कायद्याखालचा गुन्हाही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२मध्ये रद्द केला. फोन जप्त करायचाच असेल तर पंचनामा करावा लागतो.

राहिला जाब विचारण्याचा प्रश्न. अधिकाऱ्यावर खटला भरायला अनेकदा सरकारची मंजुरी लागते, हा अडसर खरा आहे. पण याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८नुसार सरकारनं १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. दिरंगाईही खरी आहे. १५ डिसेंबर २०१९ला दिल्लीत जामिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोलिस घुसले, त्याबद्दलच्या याचिका हायकोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळल्या. मात्र त्याच रात्री अलीगढ विद्यापीठात झालेल्या मारहाणीची राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं चौकशी केली. मग अलाहाबाद हायकोर्टानं फेब्रुवारी २०२०मध्ये सहा जखमी विद्यार्थ्यांना भरपाई द्यायला आणि सीसीटीव्हीत मोटारसायकली फोडताना दिसलेल्या पोलिसांवर कारवाई करायला सांगितलं. ती मुलं दवाखान्यात गेली होती, म्हणून त्यांच्या जखमांची नोंद होती.

आपल्याकडे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. गंभीर दुखापत आणि प्रक्रिया न पाळता केलेली अटक या दोन्हींची तक्रार तिथे करता येते, कुटुंबातल्या माणसालाही करता येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षभरात जावं लागतं. म्हणून त्याच दिवशी लिहून ठेवा: चौक कुठला, वेळ काय, पांगायला सांगितलं होतं का, मारणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी होती का आणि तिच्यावर काय लिहिलं होतं. व्हिडिओची मूळ फाइल फोनमधून काढू नका, आणि एमएलसीच्या कागदाच्या दोन प्रती करून एक घरी पाठवा.