कोरा रकाना : एका प्रतिक्रियेला उत्तर

अटकेच्या वेळी पोलिसांनी काय पाळायचं ते घालून देणाऱ्या डी. के. बसू खटल्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘सर्वोच्च न्यायालयाने समाज बदलला हे वकिलांचं स्वप्नरंजन आहे. कोठडीत माणसं आजही मरतात. माझ्या भावाला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं, त्याचा एक कागद झाला नाही. आणि निवडून न आलेले न्यायाधीश नियम करू लागले तर संसद कशाला हवी?’

भावाबद्दलचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

कोठडीत माणसं आजही मरतात हे माझ्या लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. मी ते लिहिलं नाही, ही माझी चूक. पण निकाल पडून राहतात, हे मला मान्य नाही. का, ते एका दुपारवरून सांगते.

तालुक्याच्या कोर्टात चोरीच्या संशयावरून धरलेला एक विशीतला मुलगा रिमांडसाठी आणला होता. त्याच्या बाजूने मी उभी होते. पोलिसांना पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, हवी होती. मॅजिस्ट्रेट मॅडम अटकेचा फॉर्म बोट ठेवून वाचत खाली आल्या आणि एका रकान्यापाशी थांबल्या. अटकेची खबर कोणाला दिली, किती वाजता दिली, तो रकाना. कोरा होता. ‘घरी कोणी कळवलं?’ तपासी अंमलदार म्हणाले, ‘तोंडी सांगितलंय मॅडम.’ मुलाची आई बाहेर पायरीवर बसली होती. तिला शेजाऱ्याकडून कळलं होतं आणि रात्री ती दोन ठाणी पालथी घालून आली होती. तिला आत बोलावलं. मग मॅडमनी मुलाला शर्ट वर करायला सांगितला. पाठीवर वळ होते. नव्याने वैद्यकीय तपासणीचा आदेश झाला, पीसीआर मिळाला नाही, मुलगा एमसीआरमध्ये, म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेला.

एवढंच घडलं. वळ उठायचे ते उठलेच होते, निकालाने ते थांबवले नाहीत. पण रकाना होता म्हणून तो कोरा दिसला, आणि कोरा दिसला म्हणून पुढचा प्रश्न विचारला गेला.

तो रकाना आला कुठून? १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात ११ अटी आल्या : अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, वगैरे. यातल्या महत्त्वाच्या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-ब म्हणून लागू व्हायला २०१० उजाडलं. आज त्या तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहेत. १९९६ ते २०१० ही १४ वर्षं वकिलांच्या हातात मुख्यतः निकालच होता, आणि त्याच्या जोरावर आम्ही भांडत होतो.

तुमच्या बाजूचं सगळ्यात बोचरं उदाहरण मीच देते. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी तुरुंगात टाकणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. तरी पुढची कित्येक वर्षं ठाण्यांमध्ये त्याखाली गुन्हे दाखल होत राहिले. २०२१ मध्ये हे न्यायालयापुढे आलं तेव्हा महान्यायवादींनी, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी, सांगितलं की कायद्याच्या पुस्तकात कलम अजून छापलेलं आहे, रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत आहे. गुन्हा नोंदवणारा तळटीप कशाला वाचेल? माणसं त्यापायी आत गेली. याचा मला आजही संताप येतो. बसू निकालातल्या अटी निदान फॉर्मवर उतरल्या. हा निकाल ठाण्यातल्या टेबलापर्यंत पोचवायची जबाबदारी कोणीच अंगावर घेतली नाही.

आता संसदेचं. न्यायालयाचा शब्द शेवटचा ठरतोच असं नाही, आणि याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. आरोपी पोलीसच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नाही, असा तो तर्क. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली, आणि अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला व बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली तर ती नव्हतीच असं न्यायालयाने धरून चालावं असं ठरलं. निकाल चुकला तेव्हा संसदेला हलवलं ते लोकांनी. उलट १९९७ च्या विशाखा निकालाने, संसद कायदा करेपर्यंत म्हणून, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत नियम घालून दिले. तो कायदा यायला २०१३ उजाडलं. तेवढी वर्षं बायकांनी नुसती वाट बघायची होती का?

तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र बसू निकाल तोकडाच पडतो. अटक दाखवलीच नाही तर फॉर्म नाही, फॉर्म नाही तर रकाना नाही. ‘बसवून ठेवणं’ चालतं ते याच फटीतून. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं, दारापासून लॉकअपपर्यंत. चित्रण १८ महिने ठेवायचं, ते जमत नसेल तिथे किमान १ वर्ष. सगळीकडे कॅमेरे लागलेत, चालू आहेत, असा माझा दावा नाही.

पण ती रात्र वर्षाच्या आतली असेल तर चित्रण पुसलं जायच्या आधी ते राखून ठेवण्याची मागणी करता येईल. ठाणं, तारीख आणि भाऊ आत किती वाजता गेला, बाहेर किती वाजता आला, एवढं मला मेलवर कळवा. इथे जाहीर लिहू नका. अर्ज मी लिहून देते.