ग्रिटची ढेप कशी पाडावी

राजेहो, सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलात की अडत्या आधी रामराम करत नाही, मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतो. आकडा 12 च्या वर गेला की त्याचं तोंड पडतं आणि तुमचा भावही. कापसाची तीच गत. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, 12 ओलांडले की गाडी वळवा. त्यामुळे ओलावा म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. तो दाणा दाताखाली धरूनच टक्का सांगतो. पण हाच जाणता माणूस शेताच्या कडेला पत्र्याचं शेड टाकून ट्रॉल्या, टाक्या, उपसा सिंचनाचे पाइप ब्लास्टिंग करून, म्हणजे दाबाच्या हवेनं टोकदार दाण्यांचा मारा करून गंज झाडून, द्यायला लागला, की त्याचं एकच पालुपद असतं: "लोखंड हाय ना भाऊ, त्याले काय होते?"

अशाच एका शेडात मी सहा पावसाळे सुपरवायझर होतो. स्टीलच्या ग्रिटची, म्हणजे माऱ्याच्या त्या दाण्यांची, घट्ट, मुरलेली, घणानंही न फुटणारी ढेप कशी पाडायची, हे मला तिथे फुकटात शिकायला मिळालं. ते आता तुमच्या पदरात टाकतो.

तयारी मे महिन्यापासूनच करा. तेव्हा आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की धुतलेला दुपट्टा दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. अशा दिवसांत ग्रिटला गंज चढवायचा म्हणजे कसब हवं. त्यासाठी कूलर आहे. लोखंडी बॉडीचा, गवताच्या ताट्यांचा, मोठ्या पंख्याचा कूलर शेडात आणा आणि त्याचं तोंड बरोबर ग्रिटच्या गोण्यांकडे करा. माणसांना हवा लागली पाहिजे, हे निमित्त भक्कम आहे. कोणी हरकत घेत नाही.

जून उजाडला की गोण्या जमिनीवर उतरवा. 25 किलोची गोणी दिसायला पाच-सहा लिटरच्या डब्याएवढी असते, पण उचलताना कंबर बोलते. म्हणून ती फळीवर ठेवायच्या भानगडीत पडू नका, सरळ फरशीवर, भिंतीला लावून, पागोळ्या पडतात त्या बाजूला ठेवा. फरशी खालून ओल ओढते, भिंत बाजूने देते, बाकीचं वारा बघतो. आतली प्लास्टिकची पिशवी फाडून फेका. ती कारखानदारानं उगाच घातलेली असते. अर्धी वापरलेली गोणी तोंड उघडं ठेवून तशीच सोडा, तिलाही श्वास घ्यायला हवा. आणि घामाच्या हातांनी, मोजे न घालता ग्रिट चाळा. घामातलं मीठ गंजाला असं मानवतं, जसं खताला पाऊस.

आता कॉम्प्रेसर. इथे थोडं गणित आहे, पण आपल्या बाजूचं आहे. जुलैतली 30 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण 27 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. 100 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला 100 घनफूट हवा ओढणारा, लहानसा कॉम्प्रेसर तासाला 170 घनमीटर हवा ओढतो, म्हणजे साडेचार लिटर पाणीही ओढतो. ती हवा 7 बारपर्यंत दाबली आणि मग थंड झाली, की तिच्यात तेवढी वाफ मावत नाही. तासाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी सुटतं. आठ तासांची पाळी धरा, 28 लिटर. बाया नळावर यासाठी भांडतात राजेहो, आणि तुमच्या शेडात ते हवेतून येतं!

काही नतद्रष्ट लोक हे पाणी अडवतात. हवा गार करायला आधी आफ्टरकूलरमधून काढतात, मग पाणी वेगळं करायला सेपरेटर, मग टाकी, मग हवा सुकवायला ड्रायर. टाकीखालचा कॉक दर तासाला उघडून पाणी सोडतात. तुम्ही तसं काही करू नका. त्या कॉकला लिंबू-मिरची बांधा आणि वर्षातून एकदा दसऱ्याला हळद-कुंकू लावा. ड्रायर घेण्याचे पैसे शेडाच्या उद्घाटनाच्या मांडवावर खर्च करा, तिथे निदान फोटो निघतात. मग ते पाणी होजमधून थेट पॉटमध्ये, म्हणजे ग्रिट भरायच्या बंद भांड्यात, आणि पॉटमधून नोझलमध्ये येईल, आणि नोझलमधून ग्रिटबरोबर फुर्रफुर्र तुषार उडतील. कोणी पांढरा टिपकागद आणून हवेच्या झोतात मिनिटभर धरायला लागला, की ओळखा, हा शिकलेला आहे. हवा कोरडी आहे का, ते तो बघतोय. त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तरीही काम अडतंच असं नाही. ग्रिट थोडं चिकटायला लागलं की खालच्या व्हॉल्व्हमधून धार तुटते. त्यावर उपाय आमच्या शेडातच निघाला. ऑपरेटर पॉटला हातोडा मारतो. पॉटच्या अंगावर हातोड्याचे किती ठोके उमटलेत, त्यावरून शेडाचं वय कळतं. आमचं पॉट तर पोचे पडून पडून नारळासारखं झालं होतं.

आणि पोळा! श्रावणातली अमावस्या, पाऊस अंगावर, हवेत ओल इतकी की काडेपेटी पेटत नाही. आदल्या संध्याकाळी पॉट रिकामं करून कोरडी हवा फिरवायची असते म्हणे. आमच्याकडे पोरं दुपारीच बैल धुवायला पळाली. पॉटमध्ये दीडशे किलो ग्रिट, टाकीत दाबाची हवा, व्हॉल्व्ह थोडा गळका. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मग लाइट नाही, मग कोणाचं तरी तेरवीचं जेवण. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर आत सरकीच्या ढेपेसारखी अखंड ढेप. तपकिरी, सुबक, पॉटच्याच आकाराची. मालक दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "कंपनीनं माल खराब देल्ला."

स्टीलचं ग्रिट महाग पडतं, पण ते शंभराहून जास्त वेळा फिरवता येतं. स्लॅग, म्हणजे धातूच्या भट्टीतल्या मळीचा स्वस्त खडा, एक-दोनदा वापरला की संपला. म्हणजे ग्रिटचा सगळा फायदाच त्याच्या आयुष्यात आहे, आणि ते आयुष्य आम्ही एका पोळ्यात संपवलं.

थोडं गंजलेलं ग्रिट मात्र फेकू नका, वापरा. त्यानं मारलेला पत्रा राखाडी चमकायच्या ऐवजी पिवळसर दिसतो. ग्राहकाचा इन्स्पेक्टर फोटोंचं पुस्तक उघडून "एसए अडीच कुठंय?" विचारेल, म्हणजे जवळजवळ पांढऱ्या लोखंडाइतकी सफाई कुठंय. त्याला सांगा, साहेब, ऊन तसंच पडलंय. तो आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली हवी म्हणेल, पत्रा दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम हवा म्हणेल. मान डोलावा, आणि तो गाडीत बसला की ओल्या पत्र्यावर रेड ऑक्साइड मारून मोकळे व्हा. रंग गंजाच्या भुकटीला धरतो, भुकटी कोणालाच धरत नाही. दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटले की रंगवाल्याला शिव्या द्यायच्या. त्याची सवय त्याला आहे.

या टप्प्यावर कोणीतरी शहाणा हटकून म्हणतो, "रेती मारू ना, नदी तर बाजूले हाय." 1870 साली अमेरिकेत टिल्घमननं पेटंट घेतलं ते रेतीच्याच झोताचं, हे खरं. पण ब्रिटननं 1949 च्या नियमांनी कामगारांच्या तोंडासमोरून ती रेती हटवली, कारण तिची धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्याला औषध नाही. घाटावरची रेती रात्रीच्या ट्रॅक्टरनं नेता येते. छातीतली नेता येत नाही. ही एक गोष्ट मी त्या मालकांना गंमत न करता सांगितली होती, आणि एवढी एकच त्यांनी ऐकली.

पॉटमधली ती ढेप आम्ही शेवटी घणानं तीन तुकड्यांत फोडली. भंगारवाल्यानं ती बघितली आणि निम्म्या भावाची गोष्ट केली, म्हणून मालकांनी ती दिलीच नाही. ऑक्टोबरात त्यांचं सोयाबीन निघालं, खळ्यावर ढीग लागला, आणि परतीच्या पावसाचे ढग आले. मालक स्वतः ताडपत्री घेऊन धावले, ढीग चारी बाजूंनी झाकला, आणि वाऱ्यानं कोपरे उडू नयेत म्हणून त्या तीन ढेपा उचलून आणून ताडपत्रीवर ठेवल्या.

बाजार समितीत मशीननं 11 दाखवले.