शटर ओढायची वेळ

2025च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारनं शासन निर्णय काढून स्पष्ट केलं की, दारूविक्रीची ठिकाणं वगळता राज्यातली दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतील. तशी मुभा 2017च्या कायद्यातच होती, पण पोलीस आणि स्थानिक अधिकारी ती मानत नाहीत अशा तक्रारी होत्या, म्हणून हे नव्यानं सांगणं. त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. ठाण्याची धाकटी बहीण खूश. मिरजेला मामाचं किराणा दुकान आहे, त्यानं एवढंच लिहिलं, "आता झोपायचं कधी तेही सरकारनंच सांगावं." मग दोन दिवस तोच विषय. किराणावाला जगणार की दहा मिनिटांत घरपोच माल देणारी ॲपं त्याला गिळणार, आपण आळशी झालोय का, आजकालच्या पोरींना आदल्या रात्री भाजी निवडून ठेवता येत नाही का. (शेवटचा प्रश्न अर्थात एका काकांचा.)

मी म्युनिकमध्ये राहते. इथे रात्री आठला सगळा किराणा बंद आणि रविवारी तर दिवसभर बंद. त्यामुळे दोन्ही बाजू मला साक्षीला बोलावतात. "बघ, जर्मनीत कसं शिस्तीत चालतं," हे काका. "तिला विचारा, रविवारी दूध संपलं तर काय करते," ही बहीण.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रविवारी दूध संपलं तर बिनदुधाचा चहा, नाहीतर मध्यवर्ती स्टेशनवरचं दुकान. प्रवाशांच्या सोयीसाठी स्टेशनांना सूट आहे, आणि रविवारी दुपारी तिथल्या रांगेत एकही बॅग दिसत नाही. सगळे माझ्यासारखे, दूध विसरलेले. पेट्रोलपंपावरही मिळतं, महाग. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात, कारण रविवारी ताजा पाव नाही म्हणजे काय!

ही रविवारची सुट्टी साधीसुधी नाही, घटनेतली आहे. जर्मनीच्या 1919च्या, म्हणजे वायमार, घटनेतलं रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जपण्याचं कलम 1949च्या घटनेत जसंच्या तसं आलं. रोजच्या वेळांसाठी 1956 साली वेगळा कायदा झाला. तेव्हा दुकानं संध्याकाळी साडेसहाला बंद व्हायची, शनिवारी तर दुपारी दोनला. पुढे वेळ हळूहळू वाढत गेली आणि 2006 मध्ये हा विषय राज्यांकडे सोपवला गेला. बर्लिननं सोमवार ते शनिवार चोवीस तास मोकळीक दिली. आमचं बव्हेरिया मात्र आठवर अडून बसलं.

त्यामुळे इथल्या सुपरमार्केटात पावणेआठची वेळ बघण्यासारखी असते. ऑफिसातून थेट आलेले, गळ्यात अजून ओळखपत्र लटकतंय, हातात एक काकडी आणि एक बिअर. सरकत्या पट्ट्यावर आपलं सामान मांडायचं, मागच्याच्या सामानाशी मिसळू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकची दांडी ठेवायची. ती विसरलात तर मागची आजी स्वतः ठेवते आणि तुमच्याकडे बघते. कॅशियर बाई बसून काम करते. हे मी मुद्दाम सांगतेय. तिच्याकडे पाठीला टेकू असलेली खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवरून ती ज्या वेगानं वस्तू सरकवते त्या वेगानं पिशवीत भरणं मला अजून जमलेलं नाही. आपल्याकडे दुकानातल्या विक्रेत्या मुलींना बसायला मिळावं म्हणून केरळला 2018 मध्ये आणि तामिळनाडूला 2021 मध्ये कायद्यात बदल करावा लागला. पैठणी दाखवणारी पोरगी दिवसभर उभीच असते, आणि आपण "अजून तो वरचा काढा" म्हणत गादीवर मांडी ठोकून बसलेले असतो.

आठ वाजता दार आतून बंद. आत असतील त्यांची बिलं होतात, बाहेरच्यांनी काचेवर टकटक करून उपयोग नाही. थोड्या वेळानं तीच बाई कोट घालून ट्रामच्या थांब्यावर माझ्या शेजारी उभी असते. घरी जाऊन ती काय जेवत असेल याचा मला अंदाज आहे, कारण इथल्या घरांतलं संध्याकाळचं जेवण मी पाहिलंय. आबेंडब्रोट, म्हणजे संध्याकाळचा पाव. गरम जेवण जुन्या पद्धतीनं दुपारी झालेलं असतं, संध्याकाळी चूल पेटत नाही. प्रत्येकापुढे लाकडाची लहान पाटी, मध्ये राय नावाच्या धान्याचा काळसर पाव, लोणी, दोन-तीन प्रकारचं चीज, सॉसेजच्या चकत्या, व्हिनेगरमधली काकडी, मुळा. ज्याचं त्यानं कापायचं, लावायचं, खायचं. पहिल्यांदा शेजाऱ्यांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, ही सुरुवात आहे, जेवण मागून येईल. ते आलं नाही. घरी येऊन भात टाकला.

पण त्या घरातली बाई साडेसहाला जेवायला बसते आणि सातला उठते, हेही मी पाहिलं. आपल्याकडे संध्याकाळच्या जेवणाचा घोळ ताटातल्या गरम पोळीपाशी आहे. नवरा, मुलं आणि सासूबाई जेवणार आणि ती तव्यापाशी. त्यात आपलं जेवण ताज्याचं. कोथिंबीर ताजी, दही ताजं, भाजी आजची. पावाचा लोफ चार दिवस टिकतो, मेथीची जुडी टिकत नाही. म्हणून आठला बंद होणारं दुकान जर्मन जेवणाला चालतं आणि मराठी जेवणाला अडचणीचं होतं. काकांना हे पटवायचा मी प्रयत्न केला. ते म्हणाले, आमची आई फ्रिजशिवाय करायची. खरंय. ती दिवसभर घरात होती आणि भाजीवाली दारात येत होती, हे ते सांगत नाहीत.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी इथल्या घड्याळाला शरण गेलेय. शनिवारी सकाळी गोएथेश्ट्रासेच्या भागात चक्कर. स्टेशनच्या दक्षिणेला तुर्की, अफगाणी, भारतीय दुकानांची गर्दी आहे. तुर्की दुकानात कोथिंबिरीची जुडी जुडीसारखी मिळते. जर्मन दुकानात ती कुंडीत लावून विकतात आणि दोन आमट्यांत संपते. तूरडाळ, पोहे, कणीक भारतीय दुकानातून. दूध, दही, कांदे-बटाटे आल्डी नाहीतर लिडलमधून. बेसन ऑरगॅनिकवाल्यांकडेही मिळतं, पण त्यांचं पीठ जरा जाड, त्याचं पिठलं खरखरतं. क्वार्क नावाचा जो दह्यासारखा प्रकार आहे तो फडक्यात तासभर टांगला की श्रीखंडाला चक्क्याची उणीव भासत नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून रविवार ओट्यापाशी. डाळ शिजवून ठेवायची, कांदा-खोबऱ्याचं वाटण गोठवायचं, पोळ्या अर्ध्या कच्च्या भाजून थरात कागद घालून ठेवायच्या. म्हणजे घटनेनं दिलेली विश्रांती दुकानातल्या बाईला मिळते, मला नाही. ही तक्रार नाही, नुसता हिशेब. आम्ही घरात दोघं, फ्रिजला मोठा फ्रीझर, गाठीला महिन्याचा पगार, म्हणून हे जमतं. रोजच्या कमाईवर रोजचं पावशेर तेल घेणाऱ्या घराला "आठवड्याचं एकदम भरून ठेवा" सांगणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

आता बहीण. ती सव्वाआठला दादरहून गाडी पकडते. घाटकोपर गेलं की उभ्या उभ्या फोनवर टोमॅटो, दही, लिंबू मागवते. ठाण्याला उतरून, रिक्षाच्या रांगेत उभी राहून घरी पोचते तोवर पिशवी वॉचमनकडे येऊन पडलेली असते. पोळीवाल्या मावशी सकाळीच पोळ्या करून गेलेल्या असतात. साडेनऊला कुकर, दहाला जेवण. ती मला म्हणते, "तुझे आदर्श तुझ्यापाशी ठेव, त्या पिशवीमुळे माझी पोरं रोज मॅगी खात नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधतही नाही.

मात्र ती पिशवी आणणारा मुलगा कधी जेवतो? हा प्रश्न इथेही येऊन गेला. 2020 साली बर्लिनमध्ये गोरिलाज नावाची कंपनी निघाली, दहा मिनिटांत किराणा. काळ्या कपड्यांतली पोरं पाठीवर डबे घेऊन सायकली हाणायची. 2021 मध्ये त्यांनीच संप केले, गोदामांच्या दारात सायकली आडव्या टाकून. 2022च्या अखेरीस गेटिर या तुर्की कंपनीनं ती विकत घेतली आणि 2024 मध्ये गेटिरही जर्मनीतून निघून गेली. ग्राहकांच्या सद्गुणामुळे नव्हे बरं का. माणसाच्या मजुरीचे पूर्ण पैसे मोजायला लागले की दहा मिनिटांचा हिशेब बसत नाही, एवढंच. आपल्याकडे तो बसतो, कारण डोंबिवलीच्या पोराची संध्याकाळ स्वस्त आहे. 2025च्या शेवटच्या दिवशी आपल्याकडच्या पोरांनीही संप केला. जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांना दहा मिनिटांचा दावा सोडायला सांगितलं, ब्लिंकिटनं जाहिरातीतून तो काढलाही. घोषणा गेली, घाई किती गेली ते रस्त्यावर बघावं लागेल.

आणि मामा. ॲपविरुद्ध किराणा हा वाद रंगला की सगळे मामाच्या बाजूनं हळवे होतात. मला तितकं होता येत नाही. मामाचं दुकान चांगलं आहे, उधारीची वही आहे, पण गेल्या दिवाळीतला खपला नाही तो अत्तराचा बॉक्स गळ्यात मारायची कलाही आहे. माझं लक्ष असतं त्याच्या जेवणाकडे. दुकान पुढे, घर मागे. सकाळी सातला दुधासाठी उघडतो, रात्री साडेनऊला अर्धं शटर ओढतो. मामी भाकरी गरम करते. दोन घास झाले की शटरवर थाप. कुणाला अर्धा लिटर दूध हवं, कुणाला डासांची कॉइल. मामा उष्टा हात तसाच धरून डाव्या हातानं बरणी काढतो. हे मी लहानपणापासून बघतेय, तेव्हा ॲप नव्हतं. त्याची संध्याकाळ ॲपनं खाल्लेली नाही, ती आम्ही गिऱ्हाइकांनी खाल्ली.

मी त्याला एकदा म्हटलं, आठला बंद कर की, इथे करतात. तो म्हणाला, "मी बंद केलं की गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जाणार. सगळ्यांनी एकदम बंद केलं तर पहिलं शटर मी ओढीन." सत्तर वर्षांचा जर्मन कायदा मला या एका वाक्यात कळला. एकट्यानं लवकर बंद करणं म्हणजे धंदा घालवणं, सगळ्यांनी मिळून केलं तर कुणाचंच बिघडत नाही, दूध लागणारा साडेसातला येतो. आपल्याकडेही हे होतं. 1948च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातला एक दिवस दुकान बंद ठेवणं सक्तीचं होतं. दादरचा बाजार सोमवारी बंद, हे त्यातूनच रुजलेलं. 2017च्या कायद्यानं दुकानाची सुट्टी काढली आणि कामगाराला आठवड्याची सुट्टी ठेवली. कागदावर हे जास्त शहाणपणाचं आहे. पण तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता, आणि 2025च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं ती मर्यादा वीसवर नेण्याला, शिवाय रोजचे कामाचे तास नऊवरून दहा करायलाही मंजुरी दिली. मामा, मामी आणि एक गडी हे कुठल्याच हिशेबात नाहीत.

चोवीस तास उघड्या दुकानाला माझा विरोध नाही. बव्हेरियानंही 2025च्या ऑगस्टपासून नवा कायदा आणला. आठची वेळ तशीच, पण दीडशे चौरस मीटरपर्यंतची, आत एकही कर्मचारी नसलेली छोटी दुकानं रात्रभर आणि रविवारीही उघडी ठेवायला परवानगी. आपणच दार उघडायचं, आपणच बिल करायचं. म्हणजे या कट्टर राज्यालाही दुकान उघडं असण्याचं वावडं नव्हतं, तिथे रात्री माणूस उभा असण्याचं होतं.

तेव्हा घरच्या वादात माझं मत विचाराल तर हे. ॲप बंद करू नका. काका म्हणतात तसं बायकांना यादी करायला शिकवू नका, त्यांच्या डोक्यात यादीशिवाय दुसरं काही राहू दिलंय कुठे? औषधांची दुकानं सोडून किराण्याला रात्री दहाची एकच वेळ ठरवा, मामालाही आणि ॲपच्या गोदामालाही. आठ आपल्या शहरांना परवडणार नाही, दहा परवडेल. गोदामाला सूट दिली तर मात्र काही ठरवू नका, कारण मग फक्त मामाचं शटर खाली येईल.

बहिणीला हे पाठवलं. तिनं रात्री पावणेबाराला उत्तर दिलं, तेव्हा इथे सव्वासात वाजले होते आणि आमचं पिठलं झालं होतं. "मार्च-एंडला मी दहाला दादर सोडते. तेव्हा काय करू?" मी लिहिलं की मग भांडण तुझ्या ऑफिसशी आहे, किराण्याशी नाही. तिनं त्यावर अंगठा टाकलाय. तो होकाराचा की "झोप आता" असा, हे तिचं तिलाच माहीत.